वीव्ह, निट, प्लॅट, ब्रेड : आपल्याकडे सगळंच 'विणणं'?

मृण्मयी_पु
नमस्कार मंडळी. हातमाग आणि हस्तकलेच्या एका छोट्या प्रदर्शनाच्या पाट्या इंग्रजीतून मराठीत करायचं काम घेतलं आहे. इंग्रजी मजकुरात पैठणीला 'वोव्हन' म्हटलंय, लोकरीच्या टोपीला 'निटेड', रुमालाच्या कडेला 'क्रोशे', झावळ्यांच्या झापाला 'प्लॅटेड' आणि रेशमी गोफाला 'ब्रेडेड'. मराठीत लिहायला बसले की प्रत्येक पाटीवर 'विणलेले' येतं. शब्दकोश उघडला तर 'वीव्ह' म्हणजे विणणे आणि 'निट' म्हणजेही विणणे.

चुकीचं काहीच नाही त्यात. आपण स्वेटर विणतो, बाज विणतो, टोपली विणतो, साडीही विणतो. पण पाटीसमोर उभ्या राहणाऱ्या मुलीला कळायला हवं की या पाच वस्तू करताना हातांनी पाच वेगळ्या गोष्टी केल्या आहेत. मराठी याबाबतीत गरीब आहे असं मला अजिबात वाटत नाही. शब्द घराघरात आणि मागामागावर असणार. ज्यांनी ही कामं केली आहेत किंवा जवळून पाहिली आहेत त्यांनी कृपया सांगा : तुमच्याकडे काय म्हणतात? आणि 'वीव्ह'चा नेमका आवाका केवढा, हेही जाणकारांनी लिहावं.

ऊन_सावली
मस्त विषय. वाचतेय.

शब्दवेडा
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. 'वीव्ह' ही मुळात दोन क्रियापदं आहेत, दिसायला सारखी. कापडाचं 'वीव्ह' जुन्या इंग्रजीतल्या 'वेफान'वरून आलं. त्याची रूपं 'वोव्ह' आणि 'वोव्हन'. दुसरं 'वीव्ह' म्हणजे डावी-उजवी घेत वाट काढणं. ते जुन्या नॉर्स भाषेतल्या 'वेइफा'शी, म्हणजे हलवण्या-फिरवण्याशी जोडतात, आणि त्याचा भूतकाळ साधा 'वीव्ह्ड'. म्हणून टोपली 'वोव्ह' केली जाते, पण मोटारसायकल गर्दीतून 'वीव्ह्ड' होते. मुष्टियोद्ध्याचं 'बॉब अँड वीव्ह' दुसऱ्यातलं. 'गेट वीव्हिंग', म्हणजे चला लागा कामाला, हेही दुसऱ्यातलंच. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश वैमानिकांच्या बोलीतून ते सगळीकडे पसरलं.

'निट'चं नातं 'नॉट'शी, म्हणजे गाठीशी. म्हणून इंग्रजीत मोडलेलं हाड 'निट' होतं, भुवया 'निट' होतात, आणि जिव्हाळ्याचं कुटुंब 'क्लोज-निट' असतं. मराठीत हाड सांधतं, भुवया आक्रसतात. तिथे आपण विणत नाही.

'निट'साठी एक वेगळा मराठी शब्द घडवावा असं माझं मत आहे. 'फासविणणे' कसं वाटतं?

सुमाताई_ठाणे
'फासविणणे' नको हो! बाळाच्या टोपीवर 'फास' शब्द मी तरी लिहू देणार नाही. :)

आयुष्यभर सुया हातात आहेत म्हणून सांगते. आमच्याकडे वेगळा शब्द लागलाच नाही, कारण पुढचे सगळे शब्द वेगळे आहेत. सुईवर टाके घालायचे. मग सुलट आणि उलट. एक सुलट एक उलट घेतलं की मनगटाची पट्टी ताणली जाते. शेवटी टाके बंद करायचे. एखादा टाका सुटला की तो ओळीओळीतून खाली पळत जातो. तो क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर चढवून आणायचा. बिघडलं तर उसवायचं आणि तीच लोकर परत गुंडाळायची.

क्रोशाचं तर आणखी निराळं. साखळी, खांब, मुका खांब, अर्धा खांब. 'विणणे' हा शब्द न उच्चारता आम्ही दुपारभर बोलू शकतो. पाटीवर 'दोन सुयांवर विणलेली टोपी' आणि 'क्रोशाची कड' लिहा. कुणालाही कळेल.

लेकीची_आई
सुमाताई, खांब आणि मुका खांब वाचून जीव सुखावला! मी इंग्रजी व्हिडिओ बघून शिकले. त्यात अमेरिकन बायका ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात त्यालाच ब्रिटिश बायका 'डबल क्रोशे' म्हणतात, आणि अमेरिकन 'डबल' म्हणजे ब्रिटिश 'ट्रेबल'. नमुना कुठल्या देशातला हे न बघता सुरू केलं की वस्तू भलत्याच मापाची होते. मुका खांब कोल्हापुरात आणि नागपुरात मुकाच असतो ना?

सुमाताई_ठाणे
मुकाच! माझी नणंद नागपूरची, आमचे नमुने एकमेकींना बिनचूक कळतात.

कांडीवाला
इचलकरंजीचा आहे. घरचे माग होते, आता चुलतभाऊ चालवतात. मृण्मयीताईंचा प्रश्न आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मागावर बसलेला माणूस 'विणतो' असं आमच्याकडं रोजच्या बोलण्यात फार कमी येतं. माग 'चालवायचा' असतो. काम काय करतोस म्हटल्यावर कुणी 'विणकाम करतो' म्हणणार नाही. कुणी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारा, असतो, कुणी बाण्याच्या सुताच्या कांड्या भरणारा कांडीवाला, कुणी वहिफणी करतो. वहिफणी म्हणजे ताण्याचा, म्हणजे उभा, एकेक धागा आधी वहीतून (धागे वरखाली करणारी चौकट) आणि मग फणीतून ओवून घ्यायचा. हजारो धागे. एक जरी चुकीच्या घरात गेला तरी कापडावर ती रेघ शेवटपर्यंत दिसते. मजुरी मोजायची ती पिकावर. आडवा धागा एकदा गेला की एक पिक. इंग्रजीतलाच शब्द आहे, पण आता आमच्या गल्लीतल्या शाळकरी पोरालाही त्याचा अर्थ ठाऊक असतो.

आता 'वीव्ह' म्हणजे नक्की काय, ते मागावरून सांगतो. त्याला दोन घराणी लागतात. उभे धागे म्हणजे ताणा, तो आधीच ताणून बांधलेला. आडवा धागा म्हणजे बाणा, तो धोट्यातून, म्हणजे इकडून तिकडे धावणाऱ्या शटलमधून येतो. वह्या वरखाली झाल्या की ताण्यात फट पडते, त्या फटीतून धोटा जातो आणि फणी आपटून बाणा बसवते. झालं, एवढंच. एक खाली एक वर असं चाललं की साधं कापड. दोन वर दोन खाली आणि दर पिकाला एक घर सरकलं की तिरकी रेघ दिसते, तो ट्विल. जीनची पँट उलटी करून बघा, तिरक्या रेघा दिसतील.

स्वेटरला यातलं काहीच लागत नाही. एकच धागा, त्याचा फेरा, त्या फेऱ्यातून पुढचा फेरा. म्हणून ते ताणलं जातं आणि म्हणूनच उसवतं. मागावरच्या कापडाची कड सुटली तर दशा निघतात, पण कापड पळत नाही. अंगातला बनियन किंवा टी-शर्ट घ्या आणि शर्टाशी ताडून बघा. बनियन निट आहे, शर्ट वीव्ह आहे.

इथं १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावाची बोलीच मागाची झाली आहे.

मृण्मयी_पु
कांडीवाला, मनापासून आभार. 'दोन घराणी' आणि 'एकच धागा' हा फरक इतका स्वच्छ कुठेही वाचला नव्हता.

विदर्भकर_नाना
कांडीवाले दादा, धोटा म्हणताच आमचे भंडाऱ्याकडले कोष्टी आठवले. करवतकाठी साडी ऐकली असेल. टसर रेशमाची, आणि काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. ती नक्षी वरून भरलेली नसते. अंगाला एक धोटा आणि दोन काठांना दोन, असे तीन धोटे चालवतात. काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा जिथे एकमेकांत अडकतात तिथेच ते दात उभे राहतात. या कामाला दुसरं माणूस सोबत लागते. इंग्रजी पाटीवर नुसतं 'वोव्हन बॉर्डर' लिहून सोडतात, तेव्हा तीन धोट्यांची मेहनत कुठे दिसते सांगा!

येवल्याची_पोर
नाना, तीन धोट्यांचं काम आमच्याकडेही आहे. त्या काठाला कडियल म्हणतात. काठाचा ताणा-बाणा दोन्ही एका रंगाचे आणि अंगाचे वेगळ्या रंगाचे, त्यामुळे काठ स्वच्छ रंगाचा दिसतो. नाहीतर ताण्याचा रंग बाण्यात मिसळून धूपछाव येते, तीही सुंदरच असते म्हणा.

पैठणीच्या पाटीबद्दल माझा आग्रह आहे, तो जरा ऐकून घ्या. पदरावरचा मोर, मुनिया, आसावली हे सगळं विणताना धोटा पूर्ण पन्हाभर जात नाही. प्रत्येक रंगाची आपली छोटी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली काडी. मोराच्या मानेचा निळा मानेपुरताच जातो, शेजारच्या जरीला अडकतो आणि मागे वळतो. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. एका ओळीत कितीतरी तिल्ल्या, आणि त्या सगळ्या हाताने. म्हणून अस्सल पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप काढणाऱ्या यंत्रावर, काढलेल्या साडीच्या मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. पैठणीला २०१० मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तरी बाजारात दोन्ही 'पैठणी' म्हणूनच विकलं जातं आणि बायकांची फसवणूक होते.

माझे वडील मागावर बसायचे तेव्हा दिवसभरात वीतभर पदरही होत नसे. त्या कामाला 'विणलेली' हा एकच शब्द लावून मोकळं होऊ नका. 'हातमागावर, तिल्ल्यांनी विणलेला पदर' असं लिहा. तिल्ली म्हणजे काय हे कुणी विचारलं तर फारच चांगलं, त्या निमित्ताने शेजारी एक ठेवता येईल.

कांडीवाला
येवल्याच्या ताईंना पूर्ण पाठिंबा. यंत्रमागावर पोट आहे आमचं, पण यंत्रमागाच्या कापडाला कुणी हातमाग म्हणून विकलं तर ते आम्हालाही पटत नाही.

बर्नलीकर
लँकेशायरमधून लिहितोय. इथे बर्नलीजवळ क्वीन स्ट्रीट मिल आहे, १८९४ मधली, वाफेच्या इंजिनावर माग चालवणारी. आता संग्रहालय आहे. दोनचार माग चालू केले तरी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग शेकडो माग एकदम चालत तेव्हा काय असेल? इथल्या विणकर बायका ओठ मोठमोठे हलवून, हातवारे करून बोलायच्या. त्याला 'मी-मॉ' म्हणतात. बायका घरीसुद्धा तसंच बोलायच्या असं इथले म्हातारे सांगतात. कांडीवाला, तुमच्याकडे असं काही आहे का?

याच भागातल्या बरी गावच्या जॉन केने १७३३ मध्ये उडत्या धोट्याचं पेटंट घेतलं. त्याआधी धोटा एका हाताने टाकून दुसऱ्या हाताने झेलावा लागे, त्यामुळे रुंद कापडाला दोन माणसं लागत. केनंतर दोरी ओढली की धोटा आपोआप पलीकडे. कापड इतकं भराभर निघू लागलं की सूत पुरेना, आणि मग कताईची यंत्रं आली.

इथल्या आडनावांतही हे क्रियापद बसलं आहे. वीव्हर, वेब आणि वेबस्टर ही तिन्ही विणकरांची आडनावं. 'वेबस्टर'मधला 'स्टर' मुळात स्त्रियांसाठीचा प्रत्यय. तोच 'स्पिन्स्टर'मध्ये आहे, म्हणजे सूत कातणारी.

कांडीवाला
बर्नलीकर, आमच्याकडं ओठांची भाषा नाही, आवाज आहे! इचलकरंजीचा माणूस फोनवर बोलायला लागला की पलीकडचा फोन कानापासून लांब धरतो. मागाच्या खटखटीत वाढलेला आवाज आहे तो. शिवाय बऱ्याच जुन्या कामगारांना खरोखर कमी ऐकू येतं, ते मात्र वाईट वाटतं.

पक्षीवेल्हाळ
अवांतर : इंग्रजीत सुगरण पक्ष्याचं नावच 'बाया वीव्हर' आहे आणि ते अगदी योग्य आहे. नर गवताची किंवा शिंदीच्या पानाची लांब पट्टी ओरबाडून काढतो आणि चोचीने आधीच्या पट्ट्यांतून आतबाहेर ओढतो. खोपा अर्धा झाला की मादी येऊन पाहणी करते. पसंत पडला तर पुढचं बांधकाम, नाहीतर नर दुसरा खोपा सुरू करतो. पावसाळ्यात विहिरीवर वाकलेल्या बाभळीला किंवा शिंदीला हे खोपे हमखास दिसतात.

ऊन_सावली
आणि पक्ष्यांचा 'विणीचा हंगाम' असतो! ती वीण वेगळी, पण सुगरणीच्या बाबतीत दोन्ही विणी एकाच महिन्यात.

पक्षीवेल्हाळ
वा, हे लक्षातच आलं नव्हतं!

फोंडेकार
गोव्यातून. मृण्मयीबाय, गोफाची पाटी लिहिताना 'विणलेला' हा शब्द काढू नका, अशी विनंती. शिगम्याला आमच्याकडे गोफ नाचतात. वर आढ्याला रंगीत दोऱ्या बांधलेल्या, प्रत्येक गड्याच्या हातात एक. गाण्याच्या तालावर एकमेकांना ओलांडत, आतून-बाहेरून फिरत नाचायचं, आणि वर दोऱ्यांचा गोफ होत जातो. मग तोच नाच उलट्या पावलांनी, आणि गोफ सुटत जातो. एक जरी चुकला तर सुटताना गाठ पडते आणि सगळ्यांना कळतं कोण चुकला ते.

याला आम्ही गोफ 'विणणं'च म्हणतो. इंग्रजी 'ब्रेड' म्हणेल. म्हणू दे.

शब्दवेडा
फोंडेकार, हा खरा पेच आहे. वेणी 'घालतात', तिला पेड असतात, तीन पेडी, चार पेडी. दोरी 'वळतात'. तेच पेड रेशमाचे असले की गोफ 'विणतात'. कृती एकच, क्रियापदं वेगळी. म्हणजे मराठी कृती बघून नव्हे, तर वस्तू बघून क्रियापद निवडते, असं म्हणायचं का?

लेकीची_आई
फुलांचं बघा ना. सुईने ओवला तर हार. दोऱ्याने देठांना फास देत केला तर गजरा गुंफला. इंग्रजीत दोन्हीला सरळ 'स्ट्रिंग' किंवा 'वीव्ह' म्हणून मोकळे होतात. इथे आपणच नेमके आहोत.

माडबन
कोकणातलं सांगतो. झाप आम्ही विणतोच. माडाची झावळ मधून चिरायची, पाण्यात भिजवायची, मग पातीखाली पाती घालत जायचं. उभे-आडवे असे दोन संच नसतात. एकाच झावळीच्या पात्या तिरक्या एकमेकींत जातात. इंग्रजीत याला 'प्लॅट' म्हणतात ते बरोबर आहे. बुरुडाची टोपली मात्र कांडीवाल्यांच्या कापडासारखी : कामट्या उभ्या आणि बेळ आडवे, एक आत एक बाहेर. तिला इंग्रजीतही 'वीव्ह'च म्हणतात.

म्हणून पाटीवर क्रियापद बदलत बसण्यापेक्षा एक ओळ जास्त लिहा. 'झावळीच्या पात्या तिरक्या गुंतवत विणलेले झाप.' वाचणाऱ्याला चित्र दिसलं पाहिजे.

जिज्ञासू_०७
पण मग मूळ प्रश्न राहतोच की. एवढे शब्द मागावर आणि सुयांवर असताना स्वेटर आणि साडी दोन्ही 'विणणं' का झालं?

सुमाताई_ठाणे
याचं उत्तर मला तरी सोपं वाटतं. माग आपल्याकडे शेकडो वर्षांचा. दोन सुयांवरचं विणकाम युरोपीय लोकांबरोबर आलं आणि मिशनरी शाळांतून, शिवणाच्या वर्गांतून घरोघरी पोचलं. नवीन काम आलं तेव्हा धाग्यापासून कापड करायचं जे क्रियापद भाषेत तयार होतं तेच त्याला दिलं गेलं.

आणि त्यानंतर एक मजेची गोष्ट घडली, ती कुणाच्या लक्षात आली आहे का? 'विणकर' म्हटलं की मागावरचा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण 'विणकाम' म्हटलं की सुया आणि लोकर. विणकर विणकाम करत नाही आणि विणकाम करणारीला कुणी विणकर म्हणत नाही! म्हणजे भाषेने फरक केलाच आहे. फक्त तो क्रियापदात न करता नामांत केला.

मृण्मयी_पु
सुमाताई!! हे किती बरोबर आहे. आयुष्यभर दोन्ही शब्द वापरले आणि कधी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

शब्दवेडा
सुमाताईंचा मुद्दा निर्विवाद. 'फासविणणे' मागे घेतो. :)

त्याला जोड म्हणून एवढंच : यंत्राच्या बाबतीत क्रम उलटा आहे. विल्यम ली नावाच्या पाद्र्याने नॉटिंगहॅमशायरमध्ये १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं. कार्टराइटच्या यंत्रमागाचं पेटंट १७८५ चं. सुयांचं काम यंत्रावर आधी चढलं, मागाचं जवळजवळ दोनशे वर्षांनी.

संस्कृतप्रेमी_वि
उशिरा आलो, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'वीव्ह' आपल्याला परकं नाही. संस्कृतात कोळ्याला एक जुना शब्द आहे, 'ऊर्णवाभि', म्हणजे लोकर विणणारा. त्यातला 'वाभि' आणि इंग्रजीतले 'वीव्ह', 'वेब', 'वेफ्ट' एकाच मुळाचे मानले जातात. विणण्याचा संस्कृत धातू 'वे', रूप 'वयति'.

आता आपल्या रोजच्या 'ओतप्रोत'कडे बघा. प्रेमाने ओतप्रोत, भक्तीने ओतप्रोत. आपल्याला वाटतं काहीतरी ओतलं आहे, भांडं काठोकाठ भरलं आहे. तसं नाही. 'ओत' आणि 'प्रोत' हे मागावरचे शब्द आहेत, आडव्या-उभ्या धाग्यांत विणलेलं असा त्यांचा अर्थ. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते : हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे? उत्तर मिळालं की पुन्हा तेच, मग ते कशात? ती थांबतच नाही. भर सभेत एका स्त्रीने विश्वाबद्दल विचारलेला प्रश्न, आणि तो विणकराच्या भाषेत. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. माग बघितल्याशिवाय तो प्रश्न तसा सुचला नसता.

'तंतू' आणि 'तंत्र' दोन्ही ताणण्याच्या 'तन्' धातूचे. आपला ताणाही त्याच घरातला.

येवल्याची_पोर
विसाहेब, हे वडिलांना वाचून दाखवलं. 'ओतप्रोत'चं ऐकून त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

बर्नलीकर
फारच सुंदर प्रतिसाद. इंग्रजीतही अशी एक गंमत आहे. 'लूम' म्हणजे आज माग, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कुठलंही अवजार. 'एअरलूम' म्हणजे वारसाने आलेली वस्तू, त्यात तोच जुना अर्थ टिकून आहे. आजीची पैठणी नातीला मिळाली की दोन्ही अर्थांनी 'एअरलूम' झाली.

जिज्ञासू_०७
शब्दांची ये-जा चाललीच आहे तर 'डंगरी' विसरू नका. मुंबईच्या डोंगरीचं जाडंभरडं सुती कापड इंग्रजांनी नेलं, आणि आज जगभरची मुलं 'डंगरी' घालतात.

ऊन_सावली
+१. आणि डोंगरीत राहणाऱ्या माझ्या मावशीला हे आजच कळलं!

धनगरवाडी
पाट्यांत घोंगडी आहे का? असेल तर दोन शब्द. घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची. लोकर कातरायची आमच्या धनगरांनी, सूत घरातल्या बायांनी कातायचं आणि विणायची सनगरांनी, खड्ड्यातल्या मागावर. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, त्याशिवाय लोकरीचा धागा मागावर टिकत नाही. खळीमुळे नवी घोंगडी कडक असते, वापरून वापरून मऊ होते.

इंग्रजी पाटीवर घोंगडीला 'निटेड ब्लँकेट' लिहिलेलं मी एका ठिकाणी बघितलं. लोकर दिसली की 'निट' असं धरून चालतात लोक. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसलेल्या माणसाचं सगळं काम त्या एका शब्दानं पुसलं जातं. तेवढं होऊ देऊ नका.

मृण्मयी_पु
घोंगडी आहे, आणि माझ्याकडच्या मजकुरात तिला नुसतं 'वुलन ब्लँकेट' म्हटलंय. क्रियापदच नाही! आज संयोजकांशी बोलले. प्रत्येक पाटीला आणखी दोन ओळी द्यायला ते तयार आहेत. आता मसुदा असा आहे, कृपया बघा :

पैठणीला 'हातमागावर तिल्ल्यांनी विणलेला पदर, कडियल काठ'. टोपीला 'दोन सुयांवर विणलेली, कडेला एक सुलट एक उलट'. रुमालाला 'क्रोशाची कड, साखळी आणि खांब'. झापाला माडबन यांचं वाक्य जसंच्या तसं. गोफ 'विणलेला'च राहील, फक्त 'आठ पेडी' हे पुढे जोडलं आहे, मोजून घेतले. घोंगडीला 'दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सनगरांनी मागावर विणलेली, ताण्याला चिंचोक्याची खळ'.

धनगरवाडी
'मागावर' नको, 'खड्डामागावर' लिहा. आणि सूत कुणी कातलं तेही येऊ द्या, त्या बायांचं नाव कुठंच येत नाही.

कांडीवाला
बरोबर बोलले. आणि ताई, पैठणीच्या पाटीत 'काठ' आणि 'पदर' दोन ओळींत वेगळे करा. काठ धोट्याचं काम, पदर तिल्ल्यांचं. एका ओळीत आलं तर वाचणारा दोन्ही एकच समजेल.

मृण्मयी_पु
दोन्ही बदल केले. घोंगडीची पाटी आता अशी : 'दख्खनी मेंढीची लोकर, सूत धनगर स्त्रियांनी कातलेलं, सनगर विणकरांनी खड्डामागावर विणलेली, ताण्याला चिंचोक्याची खळ.' एक ओळ जास्त होतेय, पण अक्षर थोडं लहान करून बसवते.

सुमाताई_ठाणे
अक्षर लहान नको गं, आमच्या वयाच्या लोकांनी वाचायचं कसं? पाटी मोठी करायला सांग त्यांना.